गाठीवरच्या शर्करासाखळ्या आणि स्वस्थ बसलेल्या पांढऱ्या पेशी

कर्करोगाचे निदान झाले की घरात पहिली गदा येते ती साखरेच्या डब्यावर. चहा बिनसाखरेचा होतो, चवथीच्या नेवऱ्या बाजूला सारल्या जातात, पातोळ्यांतला माडाचा गूळसुद्धा नको म्हणतात. ‘गाठ साखरेवर जगते’ असे शेजारपाजारच्या कुणीतरी सांगितलेले असते. त्यात थोडे तथ्य आहे. बहुतेक गाठी ग्लुकोज अधाशासारखे ओढतात आणि पेट स्कॅन त्याच सवयीचा फायदा घेतो. पण ताटातली साखर काढल्याने गाठीची उपासमार होत नाही. यकृत रक्तात ग्लुकोज सोडतच राहते आणि उपास घडतो तो केमो घेणाऱ्या बाईला. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवायलाच हवी, पण ती मधुमेहासाठी.

या लेखातली साखर मात्र वेगळी आहे. ती पेशीच्या आत जळत नाही, पेशीच्या बाहेरच्या अंगाला टांगलेली असते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ही टांगलेली साखर बदलते, आणि तो बदल वाचून अंगातल्या पांढऱ्या पेशी गाठीशी येऊनही हात उचलत नाहीत. गाठ त्यांना दिसत नाही असे नाही. ती दिसते, पण दिसल्यावर मिळणारा निरोप ‘सोडून दे’ असा असतो.

पेशीच्या अंगावर काय असते

शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आवरणावर प्रथिने आणि मेद असतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना शर्करेच्या साखळ्या जोडलेल्या असतात. या साखळ्यांचे मणी जेमतेम १० प्रकारचे: ग्लुकोज, गॅलॅक्टोज, मॅनोज, फ्यूकोज, एन-ॲसिटिल ग्लुकोसमीन, एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसमीन, सायलिक आम्ल आणि आणखी दोनचार. गोव्यातल्या माणसाला हे समजायला चवथीला गणपतीच्या वर टांगतात ती माटोळी पुरे. लाकडी चौकट म्हणजे प्रथिन. तिला नारळ, सुपारीचे शिपटे, चिबूड, तोरिंजन, आंबाडे टांगलेले. चौकट सगळ्यांच्या घरी थोड्याफार फरकाने तीच, पण काय टांगले, दोरी किती लांब सोडली आणि टोकाला काय बांधले यावरून माटोळी निराळी होते. पांढऱ्या पेशी चौकटीइतक्याच बारकाईने हे टांगलेले सामानही पाहतात, विशेषतः दोरीच्या टोकाचे.

साखळ्या जोडण्याच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. पहिलीत १४ शर्करांचा तयार घोस प्रथिन घडत असतानाच एकदम त्यावर बसवला जातो. मग गॉल्जी नावाच्या पेशीच्या कारखान्यात तो छाटून, फांद्या फोडून नीट केला जातो. दुसऱ्या तऱ्हेत तयार घोस नसतो, मणी एकेक करून लागतो. आधी प्रथिनातल्या सेरीन किंवा थ्रिओनीनवर एक एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसमीन, त्यावर गॅलॅक्टोज, मग पुढची साखळी. गर्भाशयमुखाला ओलसर ठेवणारा चिकट स्राव ज्या म्युसीन प्रथिनांचा असतो, ती याच दुसऱ्या तऱ्हेच्या साखळ्यांनी खच्चून भरलेली असतात.

या जोडणीचा आराखडा कुठे लिहून ठेवलेला नसतो. डीएनए पाहून प्रथिन कसे असेल ते सांगता येते, पण साखळी कशी असेल हे त्या घटकेला पेशीत कोणती विकरे किती आहेत, कच्चा माल किती आहे आणि गॉल्जीत प्रथिन किती वेळ रेंगाळले यावर ठरते. म्हणूनच पेशी बिघडली की साखळ्या लवकर बिघडतात, आणि म्हणूनच त्यांचा अभ्यास प्रथिनांच्या मागे पडला.

विषाणूची पायरी

गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे जवळजवळ प्रत्येक वेळी एचपीव्ही हा विषाणू असतो. त्याच्या शेकडो जातींपैकी १६ आणि १८ या दोन जगभरातल्या सुमारे ७० टक्के रुग्णांच्या मुळाशी आहेत. हा संबंध दाखवणाऱ्या हॅराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

शर्करेचा संबंध इथे पहिल्या पायरीपासून आहे. बारीकशी खरचट पडून तळच्या पेशी उघड्या पडल्या की विषाणू आधी चिकटतो तो हेपॅरन सल्फेट या शर्करासाखळीला. तिथे त्याच्या कवचाचा आकार थोडा बदलतो आणि मगच तो आत शिरतो. आत गेल्यावर काम करतात त्याची दोन प्रथिने, ई६ आणि ई७. ई६ पेशीतल्या पी५३ या राखणदार प्रथिनाला नष्ट करवते आणि ई७ आरबी नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला निकामी करते. त्यामुळे पेशी थांबायचे विसरते आणि सोबत अनेक जनुकांची चालू-बंद अवस्था बदलते. शर्करा जोडणाऱ्या विकरांची जनुकेही त्यात येतात.

तरीही बहुतेक बायकांना काहीच होत नाही. सुमारे १० पैकी ९ संसर्ग दोन वर्षांच्या आत आपोआप जातात, कारण प्रतिकारशक्ती त्यांना हटवते. उरलेल्यांतून कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षे लागतात, प्रतिकारशक्ती दुबळी असेल तर ५ ते १०. एचआयव्ही असलेल्या स्त्रीला हा कर्करोग होण्याची शक्यता इतर स्त्रियांच्या सहापट असते. या आजाराचे पारडे कुणाच्या हातात आहे ते या आकड्यातच दिसते. म्हणून विचारायचे ते एवढेच: जी प्रतिकारशक्ती दहातल्या नऊ वेळा जिंकते, ती दहाव्या वेळी समोर गाठ असताना गप्प का बसते? कारणे बरीच आहेत. विषाणू पेशी फोडत नाही, रक्तात उतरत नाही, पेशीने धोक्याचे तुकडे बाहेर दाखवायची सोय तो दडपतो. शर्करा हे त्या यादीतले एक कारण, पण औषधांच्या दृष्टीने सध्या सर्वांत रंगात आलेले.

साखळ्या बदलतात म्हणजे काय होते

बदल दोन उलट दिशांनी होतात. काही साखळ्या आखूड राहतात आणि काहींच्या टोकाला सायलिक आम्ल जरुरीपेक्षा जास्त चढते.

आखूड राहण्याचे कारण फार नेमके सापडले आहे. दुसऱ्या तऱ्हेच्या साखळीत पहिल्या मण्यावर गॅलॅक्टोज बसवणारे एक विकर असते, टी-सिंथेज. ते घडताना त्याला नीट दुमडून देणारे एक मदतनीस प्रथिन लागते, त्याचे नाव कॉसमिक. हा मदतनीस नसला की टी-सिंथेज वेडेवाकडे दुमडते आणि पेशीच ते मोडून टाकते. मग साखळी पहिल्याच मण्यावर अडते. या एका मण्याला टीएन खूण म्हणतात. त्यावर कधीकधी सायलिक आम्ल येऊन बसते, मग ती सायलिल टीएन. निरोगी पेशीच्या पृष्ठभागावर या दोन्ही खुणा जवळपास दिसत नाहीत, कारण तिथे साखळी पुढे वाढलेली असते.

कॉसमिकचे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत एक्स दोन असले तरी एक मिटलेले असते. म्हणजे उघड्या एक्सवरची एक प्रत बिघडली की पुरे, दुसरी मदतीला येत नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, टीएन खुणा असलेल्या गर्भाशयमुखाच्या गाठींच्या नमुन्यांत या जनुकातले बिघाड प्रत्यक्ष सापडले. प्रत्येक गाठीत कारण हेच असते असे मात्र नाही. काही गाठींत जनुक शाबूत असते, पण बंद पडलेले असते.

सायलिक आम्ल वाढणे ही दुसरी गोष्ट, आणि ती कर्करोगाची वाट पाहत नाही. मेक्सिकोतल्या एका गटाने २०१० साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगपूर्व व्रणांच्या बायॉप्सी तपासल्या, त्यांत सायलिक आम्ल आधीच वाढलेले होते. ते बसवणाऱ्या विकरांच्या पातळ्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बदलतात हे तैवानच्या संशोधकांनी त्याच्याही आधी नोंदले होते.

निरोप कोण वाचते

एनके पेशी, मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या अंगावर सायग्लेक नावाची प्रथिने असतात. त्यांचे काम सायलिक आम्ल ओळखणे. माणसाच्या जवळजवळ सगळ्या पेशींच्या साखळ्या सायलिक आम्लाने संपतात आणि बहुतेक जिवाणूंच्या संपत नाहीत. त्यामुळे सायलिक आम्ल हाताला लागले की पांढरी पेशी समजते, हा घरचाच. सायग्लेकच्या आतल्या शेपटीवर दोन छोट्या जागा असतात. बाहेर सायलिक आम्ल धरले गेले की त्या जागांवर फॉस्फेट चढते, तिथे एसएचपी-१ आणि एसएचपी-२ ही विकरे येऊन बसतात आणि हल्ल्याचा निरोप पुढे नेणाऱ्या प्रथिनांवरचे फॉस्फेट काढून टाकतात. हल्ला सुरू झालेला असतो, पण मधेच विरतो.

एनके पेशीवर मुख्यतः सायग्लेक-७ असते, काहींवर सायग्लेक-९ सुद्धा. मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिलवर सायग्लेक-९. गाठीच्या पेशीवर सायलिक आम्लाची दाटी झाली की एनके पेशी तिला भिडते, पकडते, पण विषारी कण सोडत नाही. प्रयोगशाळेत त्याच गाठीच्या पेशींवरचे सायलिक आम्ल सायलिडेज विकराने कापून काढले की त्याच एनके पेशी त्यांना मारू लागतात. हा प्रयोग वेगवेगळ्या गाठींच्या पेशींवर अनेक वेळा झालेला आहे. एक गोष्ट इथे स्पष्ट म्हणायला हवी: सायग्लेकचे सर्वांत भक्कम काम स्तन, अंडाशय, त्वचा आणि स्वादुपिंडाच्या गाठींवर झाले आहे. गर्भाशयमुखाच्या बाबतीत सायलिक आम्ल वाढते याचा पुरावा जुना आणि सरळ आहे, सायग्लेकचा धागा त्या मानाने नवा.

आखूड टीएन खूण वाचणारे प्रथिन निराळे, त्याला एमजीएल म्हणतात. ते डेंड्रायटिक पेशींवर आणि मॅक्रोफेजवर असते. डेंड्रायटिक पेशीचे खरे काम परक्याचे तुकडे गोळा करून टी पेशींना, म्हणजे हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवणे. पण टीएन धरून एमजीएल जागे झाले की त्या पेशी दाहाऐवजी दाह शमवणारे आयएल-१० हे निरोप्या प्रथिन जास्त सोडतात, आणि टी पेशी तापायच्या ऐवजी थंडावतात.

तिसरे वाचक मोकळे फिरतात. गॅलेक्टिन ही प्रथिने गाठ स्वतःच बाहेर सोडते, आणि ती गॅलॅक्टोज असलेल्या टोकांना धरतात. गॅलेक्टिन-१ हे हल्लेखोर टी पेशींच्या साखळ्यांना बिलगून त्यांना मरायला लावते. गंमत अशी की टी पेशीच्या टोकावर विशिष्ट जोडणीचे सायलिक आम्ल असेल तर गॅलेक्टिन-१ ला धरायला जागा मिळत नाही आणि ती पेशी वाचते. म्हणजे सायलिक आम्ल गाठीवर असले तर गाठ वाचते, टी पेशीवर असले तर टी पेशी वाचते. सायलिक आम्ल वाईट असे सरसकट म्हणणाऱ्या लेखांवर म्हणूनच फारसा भरवसा ठेवू नये. गर्भाशयमुखात व्रणाची श्रेणी चढते तसे गॅलेक्टिन-१ वाढलेले आढळते.

फणसाची आठळी आणि भुईमूग

या साखळ्या पाहायच्या कशा? प्रथिनासाठी प्रतिपिंडे मिळतात. शर्करेसाठी ती बनवणे अवघड, कारण त्याच शर्करा उंदराच्याही अंगावर असतात आणि त्याचे शरीर त्यांना परके मानत नाही. मग झाडांकडे वळावे लागते. बियांमध्ये लेक्टिन नावाची प्रथिने असतात आणि ती ठरावीक शर्करेलाच चिकटतात. फणसाच्या आठळीतले जॅकॅलिन हे त्यातले नामांकित. कापा असो की रसाळ, आठळीत ते भरपूर असते. त्याची त्रिमितीय रचना बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. विजयन यांच्या गटाने १९९६ साली उलगडली.

काम असे चालते. बायॉप्सीचा पातळ काप काचेवर घेतात, त्यावर रंग जोडलेले लेक्टिन टाकतात, धुतात आणि सूक्ष्मदर्शकातून पाहतात. भुईमुगाचे लेक्टिन टीएनच्या पुढची एक मणी वाढलेली साखळी धरते, पण ती सायलिक आम्लाने झाकली असेल तर धरत नाही. म्हणून एकाच गाठीचे दोन काप घेतात. एक तसाच ठेवतात, दुसरा आधी सायलिडेजने धुतात. पहिला फिका आणि दुसरा गडद आला तर समजायचे, खाली साखळी होती आणि वरून सायलिक आम्लाने झाकली होती. जॅकॅलिन झाकलेली साखळीसुद्धा पुष्कळदा ओळखते, पण सायलिल टीएन त्याला दिसत नाही. एकट्या लेक्टिनवर निष्कर्ष काढणारा अहवाल म्हणून अर्धवटच समजावा.

चुका ठरलेल्या जागी होतात. बाकीच्या प्रतिपिंड-चाचण्यांच्या सवयीने काप आधी सीरमने किंवा दुधाच्या भुकटीने झाकला की त्यातलीच शर्करा-प्रथिने लेक्टिन शोषून घेतात आणि रंग उतरतो किंवा सगळीकडे पसरतो. काही लेक्टिनांना कॅल्शियम लागते. धुण्याच्या द्रावणात कॅल्शियम पकडून ठेवणारे ईडीटीए असले की ती मुकाट निकामी होतात आणि गाठ ‘नकारात्मक’ ठरते. खात्रीसाठी एक काप नेहमी मोकळ्या गॅलॅक्टोजसह करायचा. लेक्टिनचा हात गॅलॅक्टोजने भरला की रंग जायला हवा. गेला नाही तर तो रंग शर्करेचा नव्हताच.

आठळ्या खाऊन काही होते का, हा प्रश्न ठरलेला. नाही. शिजवताना लेक्टिनचा आकार मोडतो, उरलेसुरले पोटात पचते, आणि गाठीपर्यंत काही पोचत नाही. चव म्हणून खाव्यात, चांगल्या लागतात.

शर्करा पाहणारी दवाखान्यातली चाचणी

पृष्ठभागावरच्या साखळ्या दाखवणारी चाचणी अजून नेहमीच्या तपासणीत नाही. पण गर्भाशयमुखाची एक जुनी तपासणी पेशीच्या आतल्या शर्करेवर चालते, आणि बायकांनी ती करून घेतलेली असूनही त्यांना ते कुणी सांगितलेले नसते. गर्भाशयमुखाच्या बाहेरच्या भागातल्या निरोगी, पक्व पेशी ग्लायकोजेनने भरलेल्या असतात. आयोडीन ग्लायकोजेनला धरते. कर्करोगाच्या वाटेवर लागलेल्या पेशींत ग्लायकोजेन उरत नाही, म्हणून तिथे आयोडीन चढत नाही.

प्रत्यक्षात आधी ॲसिटिक आम्ल लावतात. ५ मिलिलिटर ग्लेशियल ॲसिटिक आम्ल ९५ मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात, त्याच दिवशी केलेले. कापसाच्या बोळ्याने लावून पूर्ण एक मिनिट थांबायचे. घाईने अर्ध्या मिनिटात पाहिले तर पुसट पांढरा डाग सुटतो. दोन प्रकारच्या पेशी जिथे भेटतात त्या सीमेला लागून दाट पांढरा, कडा स्पष्ट असलेला डाग उठला तर ती शंका. मग ल्यूगॉलचे आयोडीन: १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, ते विरघळल्यावर त्यात ५ ग्रॅम आयोडीन. बाटलीचे झाकण घट्ट हवे, नाहीतर आयोडीन उडून जाते आणि सगळेच फिके दिसू लागते. निरोगी भाग महोगनीसारखा गडद तपकिरी होतो आणि संशयित भाग मोहरीसारखा पिवळा राहतो.

पिवळा म्हणजे कर्करोग नव्हे. सूज असेल, पेशी अजून पक्व व्हायच्या असतील, किंवा पाळी जाऊन इस्ट्रोजेन घटले असेल, तरी ग्लायकोजेन कमी होते आणि रंग चढत नाही. शिवाय पन्नाशीनंतर ती सीमारेषा आत सरकते आणि डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून त्या वयात या नजरेच्या तपासणीवर विसंबता येत नाही, एचपीव्हीची डीएनए चाचणी बरी.

हे ग्लायकोजेन योनीतल्या लॅक्टोबॅसिलस जिवाणूंचेही अन्न आहे. ते त्याचे लॅक्टिक आम्ल करतात आणि आम्लता पीएच ४.५ च्या खाली ठेवतात. त्यांची जागा गार्डनेरेला व इतर जिवाणूंनी घेतली की ते सायलिडेज सोडतात आणि म्युसीनवरचे सायलिक आम्ल खरवडून खातात, त्यामुळे संरक्षक स्राव पातळ पडतो. गाठीवर जे आम्ल नकोसे, तेच स्रावात हवेसे.

औषधांची अडचण

सायलिक आम्ल काढले की पांढऱ्या पेशी हल्ला करतात, तर मग औषधाने सगळे काढूनच टाकू, असे वाटणे साहजिक आहे. उंदरांना सायलिक आम्ल बनवणेच बंद करणारे फ्लोरीनयुक्त औषध दिल्यावर त्यांची मूत्रपिंडे बिघडली, अंगाला सूज आली. मूत्रपिंडाच्या गाळणीतल्या पेशी एकमेकींना चिकटत नाहीत त्या सायलिक आम्लाच्या ऋण भारामुळे. रक्तातल्या बिंबिकांचेही तसेच: सायलिक आम्ल गेलेल्या बिंबिका यकृत उचलून नष्ट करते. म्हणजे सायलिक आम्ल कापणारे विकर फक्त गाठीपाशी पोचवायला हवे. कॅरोलिन बर्टोझी यांच्या गटाने २०१६ साली सायलिडेज हे स्तनाच्या गाठीला धरणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या प्रतिपिंड-औषधाला जोडून दाखवले. (त्यांना २०२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते दुसऱ्या कामासाठी.) सायलिडेजवर आधारलेली औषधे माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्यांपर्यंत पोचली आहेत, गर्भाशयमुखासाठी नेहमीच्या उपचारात आलेली नाहीत.

दुसरा मार्ग लशीचा होता. सायलिल टीएनविरुद्ध थेराटोप नावाची लस स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १,०२८ स्त्रियांत तपासली गेली. प्रतिपिंडे भरपूर तयार झाली, आयुष्य वाढले नाही. शत्रूची खूण ओळखू येणे आणि त्याला मारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळ्या गाठींवर ती खूण असतेच असेही नव्हते.

सध्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगात जे प्रतिकारशक्तीचे औषध खरोखर वापरात आहे ते पेम्ब्रोलिझुमॅब. ते शर्करेवर थेट काम करत नाही; टी पेशीवरचे पीडी-१ आणि तिला थोपवणारे गाठीवरचे पीडी-एल१ या प्रथिनांची गाठभेट तोडते. अमेरिकेत त्याला या कर्करोगासाठी २०१८ साली परवानगी मिळाली, २०२१ साली केमोबरोबर आणि २०२४ साली तिसऱ्या टप्प्यापासून ४-ए टप्प्यापर्यंत केमो-रेडिएशनबरोबर. २०१८ च्या परवानगीमागच्या चाचणीत पीडी-एल१ असलेल्या रुग्णांपैकी १४ टक्क्यांच्या गाठी आकसल्या. बाकी ८६ टक्क्यांच्या का नाही, याच्या उत्तरातला एक तुकडा सायग्लेक आणि गॅलेक्टिन असावा, म्हणून तर एवढी धडपड.

पीडी-एल१ स्वतःही शर्करेने लगडलेले आहे. त्यावर चार जागी साखळ्या बसतात आणि त्यांच्यामुळे ते टिकते. साखळ्या नसल्या की पेशी ते लवकर मोडते. आणि त्याच साखळ्या प्रयोगशाळेतल्या प्रतिपिंडाच्या आड येऊ शकतात. २०१९ साली काही गाठींच्या कापांवर शर्करा विकराने आधी काढून टाकून पुन्हा चाचणी केली, तेव्हा आधी ‘नकारात्मक’ वाटलेल्या काही नमुन्यांत पीडी-एल१ सापडले. नेहमीच्या अहवालात अजून ही पायरी नाही.

रुग्णाच्या हातात काय

पीडी-एल१चा अहवाल सीपीएस या आकड्यात येतो. रंगलेल्या गाठपेशी, लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज यांची बेरीज भागिले एकूण जिवंत गाठपेशी, गुणिले १००. १ किंवा जास्त आला तर सकारात्मक. कापात किमान १०० जिवंत गाठपेशी लागतात. बायॉप्सीचा तुकडा चिमुकला आला किंवा मधोमध मेलेल्या भागातून घेतला तर आकडा काढताच येत नाही. तुकडा १० टक्के बफर केलेल्या फॉर्मेलिनमध्ये, त्याच्या आकारमानाच्या दहापट द्रवात, ६ ते ७२ तास राहायला हवा. सलाइनच्या बाटलीत घालून दुसऱ्या गावी पाठवलेला तुकडा सडतो, मग पुन्हा बायॉप्सी. अशी चूक झाली की भोगते ती बाई, म्हणून नातेवाइकांनी डब्यात काय घातले ते विचारायला लाजू नये.

रक्ताच्या चाचण्यांतही गोंधळ होतो. या कर्करोगात पाहतात ते एससीसी ॲन्टिजेन हे प्रथिन आहे. सीए १९-९ मात्र खरीखुरी शर्कराखूण आहे, आणि ५ ते १० टक्के माणसांकडे ती बनवणारे विकर जन्मतःच नसते. त्यांचा आकडा आजार असूनही शून्याजवळ राहतो. यातली कुठलीच चाचणी निरोगी बाईची तपासणी म्हणून करायची नसते. आरोग्य तपासणीच्या पॅकेजात ती दिसली तर पैसे वाचवावेत.

तपासणी म्हणजे पॅप (गर्भाशयमुखाच्या खरवडलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकातून पाहणे), ॲसिटिक आम्लाची चाचणी किंवा एचपीव्ही डीएनए. राष्ट्रीय कार्यक्रमात ३० ते ६५ वयात दर पाच वर्षांनी ॲसिटिक आम्लाची चाचणी सांगितली आहे. जागतिक आरोग्य संघटना ३० पासून दर ५ ते १० वर्षांनी डीएनए चाचणी सुचवते, एचआयव्ही असेल तर २५ पासून दर ३ ते ५ वर्षांनी. हे कागदावरचे बोलणे नाही. मुंबईच्या वस्त्यांत आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या ॲसिटिक आम्लाच्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, आणि उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात एचपीव्हीच्या एकाच तपासणीने जवळजवळ निम्म्याने. भारतात २०२२ साली सुमारे १,२७,००० नव्या रुग्ण आणि ८०,००० च्या आसपास मृत्यू होते, त्या मानाने या चाचण्या फार स्वस्त.

लस या सगळ्या भानगडीच्या आधी काम करते. एचपीव्हीचे कवच पेशीकेंद्रात जुळते, गॉल्जीतून जात नाही, म्हणून त्यावर एचआयव्हीसारखा शर्करेचा दाट थर नसतो आणि प्रतिपिंडांना ते उघडे सापडते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक लस ६, ११, १६ आणि १८ या चार जातींविरुद्ध आहे. ९ ते १४ वयात दोन डोस सहा महिन्यांच्या अंतराने, १५ ते २६ वयात तीन डोस ०, २ आणि ६ महिन्यांना. झालेला संसर्ग किंवा गाठ ती बरी करत नाही, आणि घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकत नाही.

पाळीच्या मधे रक्त जाणे, संबंधानंतर रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा डाग दिसणे, यांतले काही असेल तर तपासणीची तारीख पाहत बसू नये. आधी स्त्रीरोग विभागात जावे, मग ते बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय असो की म्हापसा, मडगावचे जिल्हा इस्पितळ. निदानानंतर पुढच्या उपचाराला मुंबईला जायचे ठरले तर नुसता अहवाल नेऊन भागत नाही. पॅराफिनचा ब्लॉक (बायॉप्सीचा तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा) आणि रंगवलेल्या काचा दोन्ही मागून घ्याव्यात, ब्लॉकवरचा क्रमांक अहवालावरच्या क्रमांकाशी तिथल्या तिथे ताडून पाहावा, आणि ब्लॉक गाडीत उन्हात ठेवू नये, मेण मऊ होते.